एएची पहिली मीटिंग, आणि त्याहून अवघड दुसरी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वय चाळिशीच्या आसपास, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी, रोज संध्याकाळी दोन क्वार्टर. श्रावण कडक पाळता, गणपती उठेपर्यंत थेंब घेत नाही, त्यामुळे आपण 'तसले' नाही अशी आजवर खात्री होती. दर श्रावणात पहिले तीन-चार दिवस कणकण येते, झोप लागत नाही, मग ठीक होतं. यंदा मात्र एरवीही सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरायला लागलाय. कुणीतरी 'एएच्या मीटिंगला जा' असं सुचवलं, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या लोकांच्या गटाच्या बैठकीला. ती कुठे असते, तिथे काय करतात, ओळखीचं कुणी भेटलं तर काय, ते ख्रिश्चन लोकांचं आहे का, बायकोला न्यायचं का, आणि श्रावणात सुटते तर बाकीच्या महिन्यांत का सुटत नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे, वीसएक वर्षं झाली. एएचा सदस्य नाही, मला व्यसनही नव्हतं. पण खुल्या मीटिंगांना पुष्कळदा बसलोय, आणि आमच्याकडून उपचार घेऊन गेलेली माणसं पुढे गटात टिकली की नाही, हे पाहणं माझ्या कामाचाच भाग आहे. त्यामुळे सदस्य स्वतः सहसा सांगत नाहीत ते थोडं मोकळेपणानं सांगू शकतो.

मीटिंगच्या आधी तुमच्या हाताबद्दल. श्रावणातली ती कणकण हवामानामुळे किंवा उपासामुळे नव्हती. रोजची दारू अचानक बंद झाल्यावर शरीर जे करतं ते ते होतं, आम्ही त्याला विड्रॉवल म्हणतो. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. काही जणांना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि थोड्या लोकांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. हे जिवावर बेतू शकतं. घरचे तेव्हा 'बाहेरचं काही लागलंय' म्हणून भलतीकडे नेतात आणि मोलाचे तास वाया जातात. शिवाय दर वेळी सोडताना हा त्रास आधीपेक्षा वाढत जाऊ शकतो, म्हणून 'मागच्या श्रावणात काही झालं नाही' हा हिशेब यंदा धरू नका.

म्हणजे उद्यापासून एकदम बंद करून परवा मीटिंगला जायचं, असा बेत असेल तर तो बदला. आधी डॉक्टर. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे केसपेपर काढा. किती पिता ते खरं सांगा. पेशंट निम्मं सांगतात आणि औषधाचा डोसही मग निम्म्यावरच ठरतो. साधारण आठ-दहा दिवसांच्या कमी-कमी होत जाणाऱ्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व, एवढ्यात बहुतेकांचं घरच्या घरी भागतं. आधी कधी फिट आली असेल, भास झाले असतील किंवा यकृताचा त्रास असेल तर भरती व्हावं लागतं. एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण गावाकडे हात थरथरला की सलाईन लावून घ्यायची पद्धत आहे: रोज पिणाऱ्या माणसाला ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी बी-१ चं इंजेक्शन द्यायला हवं, नाहीतर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. मागा, लाजू नका. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेली-मानसची, अशा दोन सरकारी हेल्पलाइन फुकट आहेत.

ही औषधं चालू असतानाही मीटिंगला जाता येतं. तोंडाला वास येत असला तरी सहसा कुणी हाकलत नाही, गडबड न करता बसून ऐका एवढंच म्हणतात. शरीराचा बंदोबस्त गटावर टाकू नका, एवढाच माझा मुद्दा. तिथे बसलेले लोक डॉक्टर नाहीत, आणि चांगला गट तसा आवही आणत नाही.

आता शोधायचं कसं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून सुरू झालं. दोघेही दारूपायी बुडालेले. भारतात ते १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आहे. देशाचं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. त्यांच्या संकेतस्थळावर गावाप्रमाणे मीटिंग शोधता येते आणि भागाभागाचे हेल्पलाइन नंबर मिळतात. त्या यादीत एक अडचण नेहमी येते: शहरांची माहिती ताजी असते, तालुक्यांची मागे पडलेली असते. यादीत तुमचं गाव नाही म्हणून 'आमच्याकडे काही नाही' असं ठरवू नका. जवळच्या मोठ्या शहराच्या, तुमच्या बाबतीत सातारा किंवा पुण्याच्या, नंबरवर फोन करा आणि सरळ विचारा, 'आमच्या बाजूला कुठला ग्रुप चालतो?' फोन उचलणारा पगारी माणूस नसतो, स्वतः दारू सोडलेला सदस्य असतो. तो दुकानात असेल, कामावर असेल, 'संध्याकाळी करतो' म्हणेल. बहुतेक वेळा करतो.

फोनवर काय बोलायचं याचीही लोकांना धास्ती असते. एवढं पुरे: 'मला पिणं थांबवायचंय, मीटिंगची माहिती हवी होती.' नाव सांगायची सक्ती नाही, पत्ता तर नाहीच. तुम्हाला चालत असेल तर सदस्य घरी किंवा बाहेर कुठे चहाला येऊन भेटतात, शक्यतो दोघं मिळून. दारूपासून दूर राहण्यासाठी ते ज्या बारा पायऱ्यांनी जातात, त्यांतली शेवटची पायरी दुसऱ्या पिणाऱ्याला मदत करण्याची आहे, तेव्हा तुम्ही त्यांना त्रास देताय असं वाटून घेऊ नका. तुमच्या फोननं त्यांची स्वतःची सोब्रायटी, म्हणजे दारूपासून दूर राहणं, पक्की होते, असं ते मानतात. मला विचाराल तर ही चहाची भेट आधी घ्याच. पहिल्या मीटिंगला एकटं जाणं आणि कुणाच्या तरी मागे बसून जाणं यात फार फरक पडतो.

एएखेरीजही गट आहेत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीतून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथून उपचार घेतलेल्यांच्या फॉलोअप मीटिंगा पुण्याबाहेरही होतात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली 'परिवर्तन' ही संस्था आहे. तुमच्यासाठी ती सर्वांत जवळची, आणि गटाला जायच्या आधी समोरासमोर बसून बोलायचं असेल तर मी तिथूनच सुरुवात करा म्हणेन. अशा केंद्रांना आसपासचे एएचे गट ठाऊक असतात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागातल्या समाजसेवकालाही विचारा. त्याच्या टेबलाच्या काचेखाली बहुधा कुणाचा तरी नंबर लिहिलेली चिठ्ठी असते.

मीटिंग म्हणजे तिथे नेमकं काय होतं? बहुतेक ठिकाणी एक ते दीड तास. जागा म्हणजे शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, दवाखान्याची ओपीडी संपल्यावर मिळालेली खोली. मी पाहिलेल्या एका गटाची मीटिंग प्राथमिक शाळेत भरायची. बाक पहिली-दुसरीच्या पोरांचे, त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसलेले पन्नाशीचे पुरुष, मागे भिंतीवर बाराखडीचा तक्ता, आणि टेबलावर बारा पायऱ्या आणि बारा परंपरा (गट कसा चालवायचा याचे संकेत) लिहिलेले दोन फलक, जे मीटिंग संपली की गुंडाळून कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीत जायचे. असा थाट बघून नवीन माणसाला वाटतं, हे काय माझी दारू सोडवणार!

एक जण चेअरवर असतो, तो दर वेळी बदलतो. सुरुवातीला एए म्हणजे काय याचा छोटा मजकूर वाचतात, क्षणभर शांतता पाळतात, मग शेअरिंग. ज्याला बोलायचं तो 'मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे' असं म्हणून सुरू करतो, सगळे त्याला नावानं नमस्कार करतात. पाच-सात मिनिटं तो स्वतःचं सांगतो: कसा प्यायचो, काय झालं, आता कसा आहे. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, 'तू असं करायला हवं होतंस' म्हणत नाही. आपल्याकडे कुणी दुःख सांगायला लागलं की तिसऱ्या वाक्याला उपाय सांगायची सवय आहे, त्यामुळे हा नियम पाळायला अवघड जातो, आणि गट चांगला की वाईट हे मी बरंचसं यावरूनच ओळखतो. जिथे एकच ज्येष्ठ सदस्य प्रत्येकाच्या बोलण्यावर प्रवचन झोडतो, तिथे नवीन लोक टिकत नाहीत.

तुमच्यावर वेळ आली की 'मी आज फक्त ऐकायला आलोय' म्हणा. चालतं. नावही खरं सांगायलाच हवं असं नाही. वही नाही, सही नाही, फी नाही. शेवटी पिशवी किंवा डबा फिरतो, सदस्य दहा-वीस रुपये टाकतात, त्यातून खोलीचं भाडं आणि चहा. नवीन माणसानं टाकू नये असंच सांगतात. बाहेरच्या कुणाची देणगी ते घेत नाहीत, अगदी आमदारानं देऊ केली तरी नाही. सदस्य होण्याची अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. ती पूर्ण पक्की नसली तरी भागतं. अर्धे लोक पहिल्यांदा बायकोच्या किंवा साहेबाच्या धाकानंच आलेले असतात.

खुली आणि बंद असे दोन प्रकार असतात. बंद मीटिंग फक्त पिण्याची अडचण असलेल्यांसाठी, खुलीला घरचे किंवा माझ्यासारखे लोकही बसू शकतात. फोन करताना विचारून घ्या.

आता यातून फरक कसा पडतो ते. खुल्या मीटिंगमध्ये ऐकलेलं सांगतो, माणूस ओळखू येणार नाही एवढंच. एक जण सांगत होता की घरात शोधाशोध सुरू झाल्यावर तो क्वार्टर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा, आणि एकदा पाहुणे आले म्हणून बायकोनं माप घालून तांदूळ काढले तर मापात बाटली आली. सगळा वर्ग खो-खो हसला. कोपऱ्यातला नवा माणूस इतका वेळ मान खाली घालून बसला होता, तोही हसला, आणि चहाच्या वेळी शेजारच्याला हळूच म्हणाला, 'माझी गच्चीवरच्या टाकीत असायची.' मी वर्षानुवर्षं समुपदेशन करतो, पण त्या माणसाकडून ते वाक्य काढायला मला कदाचित चार बैठका लागल्या असत्या. ज्या गोष्टीची सर्वांत जास्त लाज वाटते ती समोरचा हसत हसत सांगतो, आणि तो सध्या पीत नाही, हे डोळ्यांनी दिसतं. हे डॉक्टरला देता येत नाही, मलाही नाही.

ओळखीचं कुणी भेटेल का? तालुक्याच्या गावात भेटेलच असं धरून चाला. पण तो तिथे पतसंस्थेच्या कामाला आलेला नसेल. तुम्हाला पाहिल्याचं बाहेर सांगायचं तर आपण स्वतः तिथे काय करत होतो तेही त्याला सांगावं लागेल. शिवाय तिथे पाहिलेलं, ऐकलेलं तिथेच ठेवायचं, हा गटाचा कणा आहे. आणि परमिट रूमच्या दारात रोज गाडी लावताना कोण बघेल याची तुम्ही फारशी पर्वा केली नसणार. तरीही जीव धजत नसेल तर सुरुवातीचे दोन महिने शेजारच्या तालुक्यात जा. पुष्कळ जण तसंच करतात. कोविडच्या टाळेबंदीपासून ऑनलाइन मीटिंगा वाढल्या, मराठीतही होतात, कॅमेरा बंद ठेवून बसता येतं. आखातात किंवा जहाजावर असलेल्या आपल्या लोकांना तर तोच आधार आहे. पण तुम्हाला गाव आहे, एसटी आहे, तेव्हा ऑनलाइन हा जोड म्हणून ठेवा. कॅमेरा बंद करून समोर ग्लास ठेवणारेही मला माहीत आहेत.

ख्रिश्चन लोकांचं आहे का, हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. समजाला कारण आहे. मुंबई-गोव्याकडे चर्चनी जागा दिल्या, म्हणून पुष्कळ गट चर्चच्या आवारात भरतात. फादर जो परेरांनी १९८१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कृपा फाउंडेशन या व्यसनमुक्ती संस्थेचं मूळही वांद्र्याच्या चर्चमधलं, आणि गंमत म्हणजे त्यांच्या उपचारात योगासनांवर भर असतो. गट मात्र कुठल्या धर्माचा नाही. पायऱ्यांमध्ये 'आपल्याला उमगलेला परमेश्वर' असा शब्दप्रयोग आहे, मीटिंग संपताना एक छोटी प्रार्थना म्हणतात. विठ्ठल मानणारे विठ्ठल मानतात. देव न मानणारे 'माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे हा गट' असं मानून पुढे जातात, आणि असे बरेच वर्षानुवर्षं कोरडे राहिलेले मी पाहिलेत. प्रार्थना म्हणायची नसेल तर गप्प उभे राहा. त्यापायी गट सोडू नका.

आता दुसऱ्या मीटिंगबद्दल, कारण माझ्या मते खरी कसोटी तिथे आहे. पहिल्या मीटिंगला माणूस जातो तो काहीतरी घडल्यामुळे: घरात तमाशा झालेला असतो, गाडी ठोकलेली असते, साहेबानं मेमो दिलेला असतो. त्या धक्क्याच्या जोरावर तो दारातून आत जातो. आठवडाभरात धक्का ओसरतो, दोन-तीन दिवस न पिता गेलेले असतात, भूक लागायला लागते, बायको बोलायला लागते. आणि मग मनात येतं, 'तिथले लोक फारच पुढे गेलेले होते, कुणाची नोकरी गेली, कुणाचं घर गेलं. माझं कुठे तेवढं झालंय?' हा विचार आला नाही असा माणूस मला भेटलेला नाही. तुम्हालाही येईल, आणि तुमच्याजवळ तर श्रावणाचा पुरावा तयार आहे.

म्हणून पहिल्या मीटिंगहून निघतानाच दुसरीची सोय करून ठेवा. निदान दोघांचे फोन नंबर घ्या, आणि त्यातल्या एकाला सांगा, 'गुरुवारी मी नाही आलो तर मला फोन कर.' मागून फोन करणं त्यांच्या रिवाजात नाही, जबाबदारी तुमची असं ते मानतात, म्हणून आपण होऊन सांगावं लागतं. मीटिंग संपल्यावर लगेच गाडीला किक मारू नका, चहाला थांबा. ओळखी त्या पंधरा मिनिटांत होतात. आणि निदान सहा मीटिंगा होईपर्यंत 'हे माझ्यासाठी आहे की नाही' याचा निकाल लावू नका. शक्य असेल तर त्या सहा दोन वेगवेगळ्या गटांत करा, कारण गटागटात फरक असतो. एक रडका असतो, एक हसरा. एकात रिक्षावाले आणि हमाल जास्त, दुसऱ्यात बँकवाले आणि मास्तर. आपल्यासारखी माणसं कुठे आहेत ते बघायला काही हरकत नाही, मात्र 'आपल्यासारखी' म्हणजे आपल्यासारखी पिणारी, आपल्या पगाराची नव्हे.

जुने सदस्य 'नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा' सांगतील. पुण्या-मुंबईत ते जमतं, तिथे रोज कुठे ना कुठे मीटिंग असते. तुमच्याकडे आठवड्याला एक-दोन असतील. त्या चुकवू नका, मधल्या दिवसांत एक फोन किंवा एक ऑनलाइन मीटिंग. महिन्याभरानं स्पॉन्सर धरा, म्हणजे तुमच्या आधी सोडलेला आणि तुमचा फोन उचलायचं कबूल केलेला सदस्य. पुरुषाला पुरुष, बाईला बाई, असा संकेत आहे. वयानं मोठा हवा असं नाही. सोडून बरीच वर्षं झालेला आणि फोन उचलणारा असावा. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं.

वाचणाऱ्यांत कुणी स्त्री असेल तर तिच्यासाठी: पिणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत आणि गटात फार कमी येतात, कारण सगळा वर्ग पुरुषांचा. हेल्पलाइनवर 'महिला सदस्याशी बोलायचंय' असं सांगा, जोडून देतात. मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन फक्त स्त्रियांच्या मीटिंगाही आहेत.

आता वहिनींचा प्रश्न. पहिल्या मीटिंगला त्यांना घेऊन जाऊ नका, खुली असली तरी. त्या शेजारी बसल्या की तुम्ही त्यांच्याकडे बघून ऐकाल. त्यांच्यासाठी वेगळा गट आहे, अल-अ‍ॅनॉन, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा, १९५१ पासून चालत आलेला. मुक्तांगणचा पत्नींसाठीचा गट 'सहचरी' नावानं चालतो. तुम्ही गटाला गेलात नाही गेलात, तरी त्यांनी जावं. बाटल्या मोजणं, पगाराच्या दिवशी पतसंस्थेच्या दारात उभं राहणं, साहेबाला फोन करून 'यांना ताप आलाय' सांगणं, हे करता करता त्यांचीही कंबर मोडलेली असते, आणि हा ताप नेमका कशाचा ते त्यांना तुमच्या आधी कळलेलं असतं.

वहिनींना एक निरोप द्या. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती असतात, पुड्या चहात-भाजीत घालायला सांगतात. त्या नादी लागू नये. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माहीत असून, डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतलं तर काहींना उपयोग होतो. चोरून दिलं तर माणूस दगावू शकतो. तसंच, घरातून उचलून नेऊन कोंडून ठेवणारी 'केंद्रं'. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे मानसिक त्रास धरलेले आहेत, त्यामुळे पेशंटचे हक्क इथेही लागू होतात. नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

राहता राहिला श्रावण. श्रावणात तुमची सुटते कारण तेव्हा सगळं गाव तुमच्या बाजूनं असतं. घरात सोवळंओवळं असतं, मित्रही 'श्रावण आहे' म्हटल्यावर आग्रह करत नाहीत, आणि तारीख ठरलेली असते. मनात कुठेतरी 'गणपती उठले की' हे शाबूत असतं. म्हणजे ते सोडणं नव्हतं, ती सुट्टी होती, आणि तिच्या आधी गटारी होतीच. माळ घातलेल्यांचं बघा. वारकरी माळ घालून सुटलेले लोक तुमच्या गावात असतीलच, निदान एकाला तुम्ही नावानं ओळखत असाल. त्यातले टिकले कोण? जे संध्याकाळी हरिपाठाला, भजनाला जाऊन बसले, दिंडीत गेले, ज्यांच्या ओळखीच बदलल्या. माळ घालून पुन्हा जुन्या कट्ट्यावर बसले त्यांची माळ खुंटीवर गेली. तुम्हाला तो मार्ग जवळचा वाटत असेल तर तोही धरा, गटाशी त्याचं भांडण नाही. एए वर्षाची शपथ घ्यायला लावत नाही, 'फक्त आजचा दिवस' म्हणतं. तारीख ठरवून सोडणाऱ्या माणसाला हे आधी फार किरकोळ वाटतं.

कठीण दिवस आधीच हेरून ठेवा: गावची जत्रा, मित्राच्या लग्नाची वरात, हुरडा पार्टी, एकतीस डिसेंबर, पतसंस्थेच्या निवडणुकीचा निकाल. त्या दिवशी मीटिंग असेल तर मीटिंग, नसेल तर संध्याकाळी सहाच्या आत स्पॉन्सरला फोन. जायलाच लागलं तर जेवून जा, स्वतःच्या गाडीनं जा, आणि हातातला ग्लास स्वतः भरलेला असू द्या. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांतलं काही असेल तेव्हा ओढ वाढते. तुमची संध्याकाळ ऑफिस सुटल्यावर रिकाम्या पोटी सुरू होत असणार, तेव्हा डब्यात चार वाजताचं खाणं ठेवा. हसण्यावारी नेऊ नका.

मध्ये घसरलात तर दुसऱ्या दिवशी मीटिंगला जा आणि सांगा. दिवस परत एकपासून मोजतात, पण कुणी तोंड फिरवत नाही. त्यातले बहुतेक स्वतः घसरून आलेले असतात. मात्र पुन्हा आठवडाभर रोज पिणं झालं असेल तर थांबताना परत डॉक्टरकडे जा, वर सांगितलेल्या कारणासाठी.

याचा उपयोग होतो याला काही आधार? आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास, मिळून दहा हजारांवर माणसं, एकत्र तपासली. एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांपेक्षा पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत सरस ठरले, बाकी मोजमापांत निदान बरोबरीचे. ते अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतले, हे लक्षात ठेवून वाचावं. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. आणि सगळ्यांना गट मानवतोच असं नाही. ज्यांना खोल नैराश्य आहे किंवा डोक्यात आवाज येतात, त्यांना आधी औषध लागतं. कुणी गटात बसून सदस्याला 'गोळ्या बंद कर, त्याही नशाच' असं सांगत असेल तर ते एएचं म्हणणं नाही, त्या माणसाचं आहे. गोळ्या डॉक्टरला विचारूनच कमी करा.

जवळपास खरोखरच काही नसेल तर दोन माणसांत गट होतो, त्यांच्या परंपरेतच तसं आहे. मुख्य कार्यालयाला कळवलं की ते साहित्य पाठवतात, शेजारच्या गावचे सदस्य सुरुवातीला येऊन बसतात. पण हे तुमचं पहिल्या वर्षाचं काम नव्हे.

आणि निघण्याआधी त्याच दिवशी सकाळी एक फोन करून मीटिंग आहे ना, एवढं विचारून घ्या. शाळेतल्या खोल्या परीक्षेला, मतदानाला, सुट्टीत बंद असतात, गट तेवढ्यापुरता दुसरीकडे बसतो आणि यादीत जुनाच पत्ता राहतो. कुलूप बघून परत फिरलेला माणूस पुन्हा लवकर येत नाही. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळही बघून ठेवा. मीटिंग साडेआठला सुटली आणि चहाला थांबलात तर ती चुकू शकते. तसं होणार असेल तर सदस्यांना आधीच सांगा, कुणीतरी गाडीवरून सोडतं.